दोन रिकामी आवर्तनं

"पुन्हा लाव," देवदानकाका म्हणाले.

मी टेप मागे नेली. ती जास्तच मागे गेली, म्हणून थोडी पुढे आणली, मग परत जरा मागे. त्या टेपरेकॉर्डरचं मागे न्यायचं बटण दाबून धरावं लागायचं. दोन वर्षांत माझ्या अंगठ्याला त्याचा घट्टा पडला होता. टेपरेकॉर्डर एका देवदारी खोक्यावर ठेवलेला, मी सतरंजीवर आडवी पडून खोक्याला कान लावलेला, आणि समोर काका खोक्यावर उजवा तळहात ठेवून, डोळे मिटून बसलेले. बाहेरून कुणी डोकावलं असतं तर दोघं मिळून खोक्याची नाडी बघतायत, असंच त्याला वाटलं असतं.

मी मान वर केली. काकांशी बोलताना चेहरा त्यांच्यासमोर हवा असायचा. त्यांच्या गुडघ्यावर टिचकी मारली, त्यांनी डोळे उघडले.

"सा सा, मग खालचा प. मग नी, परत सा."

"लिही."

"पण पुढच्या दोन आवर्तनांत नुसती ढोलकीच ढोलकी आहे. खालचं काही कळत नाही."

"मग टिंबं मांड."

"एकदा परत ऐकते."

"सात वेळा ऐकलंस, पमे. टिंबं मांड. मनाचं एक अक्षर लिहायचं नाही. टिंब दिसलं की मला कळतं, इथं सांभाळून जायचंय. मनाचं लिहिलंस तर मी डोळे मिटून खड्ड्यात."

मी सोळा मात्रांची सोळा टिंबं मांडली. चडफडत मांडली.

आता माझ्याकडे बेस गिटार शिकायला येणारी मुलं मोबाईलवर गाणं हवं तेवढं हळू करतात, गायकाचा आवाज काढून टाकतात, आणि तरी "मॅडम, नीट ऐकू येत नाही" म्हणतात. नाचता येईना अंगण वाकडं. मी त्यांना हे खोकं दाखवते. खोकं अजून माझ्याकडे आहे.

ही गोष्ट तीसेक वर्षांपूर्वीची, नगरची. मी तेव्हा सव्वीस वर्षांची, एका कचेरीत टायपिस्ट होते आणि रविवारी चर्चमध्ये ऑर्गन वाजवायचे. कुणी हसलं की चूक माझीच असणार असं मानणाऱ्यांतली मी नव्हे. चूक दुसऱ्याची असणार, हे मी आधी ठरवायचे. आमची आई म्हणायची, "ही प्रमिला देवाच्याही प्रार्थनेत शुद्धलेखन काढील." कचेरीतले साहेब मात्र नवीन माणसांना माझे कागद दाखवायचे. "ओहोळबाईंच्या कागदात खाडाखोड सापडली तर मला येऊन सांगा." या वाक्याचा मला फार अभिमान होता. पुढे जे झालं त्याला हेच वाक्य कारणीभूत झालं.

देवदान उजागरे आमच्याच चर्चच्या मंडळीतले. 'नवचंद्र' ऑर्केस्ट्रात ते पहिल्या दिवसापासून बेस वाजवायचे, आणि जिल्हाभर त्यांना उजागरे मास्तर म्हणून ओळखायचे. बेस म्हणजे गाण्याचा तळ. तो वाजतोय हे लोकांना कळत नाही, पण थांबला की काहीतरी गेलं हे कळतं. 'नवचंद्र'चं ब्रीद होतं, रेकॉर्डला रेकॉर्ड. म्हणजे कॅसेटमध्ये जसं वाजलंय तसंच्या तसं स्टेजवर. त्यासाठी प्रत्येक वादक घरी कॅसेट ऐकून आपापला भाग लिहून काढायचा आणि पाठ करायचा. नोटेशन विकत मिळायची सोय नव्हती. कान आणि पेन्सिल, एवढंच भांडवल.

त्याच्या दोन वर्षं आधी एका उपासनेनंतर काका ऑर्गनपाशी आले आणि म्हणाले, "पमे, माझे डोळे अधू झालेत. कॅसेट ऐकून माझा बेस लिहून देशील का? तू सरगम भराभर लिहितेस." मी हो म्हटलं. तिसऱ्या रविवारी काकू गल्लीत पाणी भरायला गेल्या होत्या आणि स्वयंपाकघरात कुकरच्या पाच शिट्ट्या झाल्या. काका जागचे हलले नाहीत. सहाव्या शिट्टीला मी उठून स्टोव्ह बंद केला. परत आले तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि त्यांना कळलं, मला कळलंय ते.

"डोळे चांगले आहेत," ते म्हणाले. "सुई ओवतो अजून."

"आणि कान?"

"समोर बघून बोललीस तर निम्मं कळतं. बाकीचं ओठांवरून लावतो. गाणं मात्र नुसता गोंगाट झालंय."

"मग स्टेजवर कसं वाजवता?"

"डावी टाच बेसच्या स्पीकरला टेकवायची आणि ड्रमवाल्या रफिकच्या पायाकडे बघायचं. सूर तुझ्या कागदावर, ठेका माझ्या टाचेत." मग जरा थांबून म्हणाले, "नंदूला कळता कामा नये."

नंदू म्हणजे नंदकिशोर बोज्जा. एरवी दुकानदार, पण 'नवचंद्र'चा मालक आणि अकॉर्डियन वाजवणारा. माणूस वाईट नव्हता, पण सुराच्या बाबतीत सख्ख्या भावाला सोडणारा नव्हता. पुण्याचा एक कीबोर्डवाला त्याच्या नजरेत होता. तो उजव्या हाताने व्हायोलिन आणि डाव्या हाताने बेस असं दोन माणसांचं काम एकटा करायचा. काकांना एवढंच हवं होतं, की ऑर्केस्ट्राच्या पंचविसाव्या वर्षाचा कार्यक्रम त्यांच्या हातून व्हावा. पहिल्या कार्यक्रमाला ते होते, पंचविसाव्यालाही असायला हवेत. त्यानंतर ते आपणहून गिटार ठेवणार होते. तोवर कुणी ती काढून घेऊ नये, म्हणून मी त्यांचा कान झाले होते.

या उद्योगात मी स्वतः कधी बेस शिकले, ते मलाच कळलं नाही. लिहून झालं की काका म्हणायचे, "वाजवून दाखव." मी वाजवायचे आणि ते गिटारच्या लाकडावर हात ठेवून माझ्या बोटांकडे बघायचे. "करंगळी झोपलीय." "तार दाबतेस का कुरवाळतेस?" असं चालायचं. मला वाटायचं, मी फक्त लिहिलेलं तपासून देतेय. कार्यक्रमाच्या दिवशी त्यांच्या गिटारच्या चारही तारा मीच सुरात लावून द्यायचे.

तर ती सोळा टिंबं. कार्यक्रमाच्या बारा गाण्यांतलं ते अकरावं गाणं होतं. बाकी अकरा गाण्यांचे कागद स्वच्छ, एकही टिंब नाही. फक्त हाच कागद देवीचे व्रण असल्यासारखा. माझ्या डोक्यातून ते जाईना. आमच्याकडची कॅसेट कॉपीवरून केलेली कॉपी, तिच्यात ढोलकी नुसती घुमत होती. आठवडाभर कचेरीतून आल्यावर मी खोक्याऐवजी आमचं पिठाचं पिंप पालथं घालून त्यावर टेपरेकॉर्डर ठेवून ऐकलं. काही नाही.

गुरुवारी मी ऐकायचं सोडलं आणि विचार करायला लागले. इथे काय असू शकेल? सा वरून पुढे कोमल ग वर जायचंय. मग मधे वर चढत जाणारी एक छोटी चाल असणार. मी ती ऑर्गनवर वाजवून पाहिली. सुंदर होती, अगदी बसणारी. दहा वेळा वाजवल्यावर मला ती कॅसेटमध्येही ऐकू यायला लागली. मी टिंबं खोडली नाहीत, कागदच नवा लिहिला. खाडाखोड कशी चालेल?

रविवारी काकांनी कागद हातात घेतला आणि बोट त्या जागेवर ठेवलं.

"ही दोन आवर्तनं मिळाली?"

"मिळाली."

"लाव बघू एकदा."

मी टेप लावली. त्यांनी खोक्यावर हात ठेवला, डोळे मिटले. ती जागा आली, गेली. त्यांनी हात उचलला, धोतराला पुसला आणि परत ठेवला.

"परत लाव."

मी परत लावली. यावेळी त्यांनी दोन्ही हात ठेवले होते.

"नक्की आहे तिथं?" त्यांनी विचारलं. "तू ऐकलंस?"

खरं सांगायची ती वेळ होती. पण "ओहोळबाईंच्या कागदात" वगैरे आडवं आलं.

"नक्की," मी म्हणाले. "आहे तिथं. मला स्वच्छ ऐकू आलं."

"मग ठीक," काका म्हणाले आणि त्यांनी कागद फाईलमध्ये लावला. त्या दिवशी त्यांनी चहा अर्धाच प्यायला. काकू म्हणाल्या, "साखर कमी पडली का?" त्यांनी उत्तर दिलं नाही. त्यांना ऐकू आलं नसेल, असं आम्ही दोघींनी धरलं.

बुधवारच्या प्रार्थनेला मी ऑर्गन वाजवत होते. काका नेहमीप्रमाणे बाजूला येऊन उभे राहिले आणि त्यांनी ऑर्गनच्या लाकडावर हात ठेवला. मग काढला. मग परत ठेवला. गीत संपल्यावर म्हणाले, "खालचे सूर सगळे वाजवलेस ना आज?"

"हो. का?"

"काही नाही."

पेडल कुरकुरतंय म्हणून विचारतायत, असं मला वाटलं. नाहीतरी मी तेल आणायचं विसरले होते.

शनिवारी दुपारी एका शाळेच्या हॉलमध्ये तालीम होती. कार्यक्रमाला आठ दिवस राहिले होते. माझी कचेरी अर्धा दिवस होती, म्हणून मी जाऊन मागच्या बाकावर बसले. दहा गाणी छान झाली. अकरावं सुरू झालं. माझी दोन आवर्तनं जवळ आली तसं मला, खोटं कशाला बोलू, कौतुकच वाटायला लागलं. काकांनी ती चाल इतक्या गोडीने वाजवली, की माझ्या अंगावर काटा आला.

बोज्जाने हात वर केला. ढोलकी थांबली, व्हायोलिन थांबलं, रफिक थांबला. काका मात्र दोन मात्रा पुढे गेले. रफिकचा पाय थांबलेला दिसला तेव्हा त्यांनी तारा दाबल्या.

"मास्तर, तिथं काय वाजवलंत?" बोज्जाने विचारलं. तो काकांच्या डाव्या बाजूला, जरा मागे होता. काका पुढे बघत राहिले.

"मास्तर!"

काका कागद सारखा करत होते.

"उजागरे मास्तर!" बोज्जा एवढ्या मोठ्याने ओरडला, की बाहेर व्हरांड्यातला शिपाई आत डोकावला. रफिकने काठीने काकांना मागे बघायची खूण केली. काका वळले.

"काय रे नंदू?"

बोज्जा दोन पावलं जवळ आला. त्याचा आवाज आता हळू होता, आणि मला त्याचीच जास्त भीती वाटली.

"त्या दोन आवर्तनांत तुम्ही काय वाजवलंत?"

"लिहिलंय ते."

"रेकॉर्डवर तिथं काहीच नाही, मास्तर. बेस थांबतो तिथं. दोन आवर्तनं थांबतो, म्हणून तर पुढच्या समेला आला की छातीत धडकतो. सगळं गाणं त्यावर उभं आहे. तुम्ही रेकॉर्ड ऐकलीय ना?"

काकांनी कागदावर त्या जागी बोट ठेवलं.

"हातच्या काकणाला आरसा कशाला," बोज्जा म्हणाला. "माझा डेक इथंच आहे. ओरिजनल कॅसेट आहे. लावतो. तुम्ही ऐका आणि मला सांगा, तिथं काय आहे."

त्याने डेक लावला. दोन लाकडी स्पीकर होते, आमच्या कपाटाएवढे. गाणं सुरू झालं आणि मागच्या बाकावर मला पहिल्यांदा तो बेस उघडा, स्वच्छ ऐकू आला. सा सा, खालचा प, नी, परत सा. मी लिहिलेलं अक्षर न् अक्षर बरोबर होतं. मग ती जागा आली. ढोलकी वाजत होती आणि तिच्या खाली काही नव्हतं. दबलेलं नव्हतं, झाकलेलं नव्हतं. मुळात काही नव्हतंच. जे ऐकू येत नाही ते आपल्या कानात कमी आहे, असं मी धरून चालले होते. वाजवणाऱ्याने हात उचललाय, हे माझ्या मनात एकदाही आलं नव्हतं.

बोज्जाची पाठ माझ्याकडे होती. काकांनी माझ्याकडे पाहिलं असतं तर मी मान हलवून खूण केली असती, "काही नाही" म्हणून. मी अर्धवट उठलेसुद्धा. पण काकांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. त्यांनी गिटार गळ्यात तशीच ठेवली, चालत स्पीकरपाशी गेले आणि सगळ्यांसमोर त्यावर उजवा तळहात ठेवला.

"परत लाव," ते म्हणाले.

बोज्जाने परत लावलं. काकांनी डोळे मिटले. ती जागा आली तसा त्यांनी स्पीकरवरून हात उचलला आणि हवेत धरला. सोळा मात्रा. समेला परत टेकवला.

"इथं काही नाही," काका म्हणाले. आणि हसले.

मला ते हसणं कळेना. सगळा ऑर्केस्ट्रा टक लावून बघत होता. ज्या गोष्टीसाठी आम्ही दोन वर्षं चोरासारखे वागलो, ती आता भर हॉलमध्ये उघडी पडली होती, आणि हा माणूस हरवलेलं पोर सापडल्यासारखा हसत होता.

"हाताने ऐकता?" बोज्जाने विचारलं. मग चेहरा काकांसमोर आणून परत विचारलं. म्हणजे त्याला सगळं कळलं होतं. "किती दिवस?"

"चार वर्षं. चूक माझी आहे, नंदू. मी कागद नीट तपासला नाही."

"चूक काकांची नाही," मी मागून ओरडले. माझा आवाज एवढा चिरका असतो, हे मला तोवर माहीत नव्हतं. "कागद मी लिहिते. दोन वर्षं मीच लिहितेय. ती दोन आवर्तनं मी मनाने घातली."

"तू? चर्चवाली?"

"हो. चर्चवाली."

बोज्जा खुर्चीवर बसला. "चार वर्षं," तो म्हणाला. "आणि मी लोकांना सांगत फिरतोय, आमचा बेस म्हणजे दगडी चिरा. मास्तर, मला सांगायचं तरी."

"सांगितलं असतं तर तू पुण्याचा कीबोर्डवाला आणला असतास."

"आणला असता," बोज्जा म्हणाला. "आज फोन केला तर तो उद्या येईलही."

काकांनी गळ्यातून गिटार काढली आणि मला बोटाने पुढे बोलावलं. मी गेले. त्यांनी ती माझ्या गळ्यात अडकवली. पट्टा त्यांच्या उंचीचा, त्यामुळे गिटार माझ्या गुडघ्यांवर आली. कुणीतरी खुदकन हसलं.

"आधी हे गाणं हिच्याकडून ऐक," काका बोज्जाला म्हणाले. "मग फोन कर."

मी खुर्ची ओढून बसले, कारण उभ्याने ते शक्यच नव्हतं. रफिकने काठ्या वाजवून चार मोजले. बाकीचं मला पाठ होतं, हात आपोआप चालत होते. मग ती दोन आवर्तनं आली. काही न वाजवणं किती अवघड असतं, ते मला तेव्हा कळलं. माझी बोटं त्या गोड चालीकडे धावत होती. मी उजवा तळहात तारांवर दाबून धरला आणि मनात मात्रा मोजल्या. अकरा, बारा, तेरा. सगळे माझ्याकडे बघत होते आणि मी काहीच करत नव्हते. मग समेवर सा.

गाणं संपल्यावर बोज्जा म्हणाला, "अर्धी मात्रा लवकर आलीस."

"हो," मी म्हणाले. मला माझ्याच उत्तराचं नवल वाटलं.

"पण रेकॉर्डवरचं आहे ते." त्याने अकॉर्डियनचा पट्टा दोनदा सोडला, दोनदा लावला. "ऐक. आठवडाभर रोज संध्याकाळी माझ्या दुकानात ये. बाराच्या बारा कागद या डेकवर तपासायचे. अकरा गाणी मास्तर. अकरावं गाणं तू. अर्धी मात्रा जागेवर आण." मग काकांकडे वळून, ओठ नीट हलवत तो म्हणाला, "आणि टाच कशाला टेकवता ते आता कळलं, चोरून टेकवू नका. बेसचा स्पीकर तुमच्या अगदी शेजारी ठेवतो."

दुसऱ्या दिवशी रविवार होता. दुपारी मी काकांकडे गेले तेव्हा काकू खाटेच्या जुन्या नवारीचा पट्टा शिवत होत्या, माझ्या उंचीचा. काका खोक्यापाशी बसले होते. मी समोर जाऊन बसले.

"काका, मी खोटं बोलले. मला तिथं काही ऐकू आलं नव्हतं."

"आता माहीत आहे."

"तुमच्या हाताला तरी काही लागलं होतं का?"

"नाही."

"दोन्ही हात ठेवले होतेत, तेव्हासुद्धा?"

"काहीच लागलं नव्हतं."

"मग वाजवलंत कशाला?" माझा आवाज चढला. चूक माझी असली की माझा आवाज आधी चढतो. "तुम्हीच म्हणता ना, मनाचं नको म्हणून. मला झापायचं, टिंबं मांडायला लावायचं!"

काका आपल्या तळहाताकडे बघत होते.

"तू म्हणालीस, आहे तिथं. स्वच्छ ऐकू आलं म्हणालीस," ते म्हणाले. "मला वाटलं, कान गेले, आता हातही गेला."

काकूंची सुई थांबली.

"सहा दिवस काय काय चाचपत होतो," काका म्हणाले. "पिठाची गिरणी. मोटारीचं बॉनेट. ऑर्गन. लागायचं हाताला, पण विश्वास बसेना. जे लागतं ते खरं, की मला नुसतं आठवतंय? काल नंदूच्या स्पीकरवर हात ठेवला तेव्हा कळलं. हात शाबूत आहे. जिथं काही नव्हतं तिथं त्याने काही सांगितलं नाही."

म्हणून ते हसले होते. सगळ्यांसमोर उघडे पडले, खुर्ची जायची वेळ आली, आणि त्यांना आनंद झाला होता तो हात परत मिळाल्याचा. तो मी काढून घेतला होता, एका स्वच्छ कागदासाठी. मी तिथंच रडले. काकूंनी मला पाणी दिलं, आणि काका म्हणाले, "रडणं झालं असेल तर समेवर ये. अर्धी मात्रा अजून लवकर येतेस तू."

आम्ही त्या दिवशी दुसरं काही वाजवलं नाही. मी चाळीस वेळा ती दोन आवर्तनं गप्प बसले. काका माझ्या गिटारवर हात ठेवून बसायचे. मी समेवर बरोबर आले की मान हलवायचे, नाहीतर म्हणायचे, "पुन्हा." आठवडाभर बोज्जाच्या दुकानात बाराही कागद तपासले. बाकी कुठे एक चूक निघाली नाही. बोज्जाने ते कौतुक म्हणून सांगितलं नाही, तक्रार केल्यासारखं सांगितलं.

कार्यक्रम रविवारी संध्याकाळी सहाला सुरू झाला. हॉल भरला होता. आमची अर्धी मंडळी पाळकांसकट आली होती, आई पहिल्याच रांगेत. मी निळी साडी नेसून विंगेत बसले होते. काका बेसच्या स्पीकरला टाच लावून उभे होते, आता उघडपणे. दहा गाणी त्यांनी वाजवली. मी प्रत्येक सूर कागदावर बोट ठेवून ऐकला. एकही इकडचा तिकडे झाला नाही. पंचवीस वर्षांत त्यांनी इतकं चांगलं कधी वाजवलं नव्हतं, असं रफिक नंतर म्हणाला, पण रफिकला अतिशयोक्तीची सवय आहे.

दहावं संपलं. काकांनी गिटारचा पट्टा काढला, नवारीचा लावला आणि गिटार माझ्या गळ्यात घातली. लोक कुजबुजले. साडीतली बाई आणि बेस गिटार हे त्यांनी पाहिलं नव्हतं. बोज्जाने माझ्याकडे बघून मान हलवली. काका बाजूला सरकले, स्पीकरवर त्यांनी उजवा तळहात ठेवला आणि डोळे मिटले.

सा सा, खालचा प, नी, परत सा. ढोलकी चढत गेली. मग मी तारांवर हात ठेवला.

दोन आवर्तनं मी काहीच वाजवलं नाही. खालून सगळं काढून घेतल्यासारखी ढोलकी एकटीच घुमत राहिली. मी मोजत होते आणि काकांकडे बघत होते. त्यांनी स्पीकरवरून हात उचलून हवेत धरला होता. तेरा. चौदा. पंधरा. सोळा. त्यांचा हात खाली आला आणि माझा सा वाजला, एकाच क्षणी. हॉलमध्ये कुणीतरी "आई गं!" म्हणालं.

टाळ्या थांबायला वेळ लागला. बारावं गाणं शेवटचं होतं आणि ते काकांचं होतं. पंचविसाव्या वर्षाचं शेवटचं गाणं. मी पट्टा खांद्यावरून काढायला घेतला. काका जवळ आले. मला वाटलं गिटार घ्यायला आले. त्यांनी पट्टा परत माझ्या खांद्यावर नीट बसवला आणि बाराव्या गाण्याचा कागद स्टँडवर उघडून ठेवला.

"काका, हे तुमचं आहे," मी त्यांच्या समोर तोंड करून म्हणाले.

"वाजव," ते म्हणाले आणि परत स्पीकरपाशी जाऊन उभे राहिले. "माझा हात इथंच आहे."